शुक्रवारी राजाचा शिरच्छेद

वेळापत्रकात बसत नाही अशी गोष्ट या जगात नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे होतं.

बसडेपोत वेळापत्रकं आखण्यात माझी उभी हयात गेली. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटेल, कोणत्या चौकात किती मिनिटं खाईल, कोणता ड्रायव्हर कुठे उतरेल आणि त्याच्या जागी कोण चढेल, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. गाड्या तशा धावत नाहीत हा भाग वेगळा. तो रस्त्याचा दोष. कागदावर माझी एकही गाडी आजवर उशिरा पोचलेली नाही.

घरातही माझीच वेळापत्रकं चालतात. न्हाणीघराच्या दारावर एक आहे, कुंड्यांना पाणी घालण्याचं एक आहे. बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिचं म्हणणं, माझं रक्त तपासलं तर त्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रकाने सापडतील. मी याला कौतुक समजतो.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने युरोपच्या इतिहासाची वरच्या पातळीची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. परीक्षा वर्षातून एकदाच होते. तीत चांगले गुण पडले तर तिला हव्या असलेल्या दूरच्या महाविद्यालयात जागा मिळणार होती, नाही पडले तर वर्षभर हात चोळत बसायचं. पुस्तक उशीएवढं जाड. पाचशे-सहाशे वर्षांचा युरोप, त्यात एकाच नावाचे अठरा-अठरा राजे. लेक हुशार आहे, पण अभ्यासाची तऱ्हा अशी की सकाळी धर्मसुधारणा वाचायला बसली तर दुपारी पहिल्या महायुद्धात सापडायची. मधल्या चारशे वर्षांचं काय, विचारलं तर म्हणायची, "बाबा, वाटेत आलेच की मी त्यांना हात करून."

हात केला की गाडी थांबते, इतिहास थांबत नाही. मी बाह्या सरसावल्या.

मी तिला असं वेळापत्रक करून दिलं की पाहणाऱ्याने टोपी काढावी. एकेका आठवड्याला एकेक पान. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'युरोपचा इतिहास', पुढच्या पानांवर नुसतं 'दुसरा आठवडा', 'तिसरा आठवडा' असं. दर वेळी काय तेच लिहायचं? जिच्यासाठी आहे तिला विषय माहीत आहे. फ्रान्सची राज्यक्रांती तिच्या आवडीची, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात ठेवली. ताटातला आवडीचा पदार्थ माणूस शेवटी खातो, तसं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचा आठवडा उजाडायच्या आदल्या शनिवारी त्याच पानावर लेकीच्या हातून चहाचा अख्खा कप उपडा झाला. राज्यक्रांती विरघळली. मी मुळीच चिडलो नाही. त्याच दिवशी ऑफिसात गेल्यावर कोऱ्या कागदावर ते पान नव्याने, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. ते असं होतं:

शेवटचा आठवडा
सोमवार – असंतोषाची कारणे. मुख्य कारण भूक.
मंगळवार – सभा. राजा ऐकत नाही.
बुधवार – तुरुंग फोडणे.
गुरुवार – राजा पळतो. वाटेत पकडला जातो.
शुक्रवार – राजाचा शिरच्छेद.
शनिवार – दहशत.
रविवार – उजळणी.
सोमवार – परीक्षेचा दिवस. पहाटे तयार राहणे. कोणीही घाबरायचे नाही.

खाली, हाताला सवय असते हो, मी सही केली आणि 'वेळापत्रक विभाग' असा शिक्का मारला. मग झेरॉक्स मशीनवर तीन प्रती काढल्या. एक लेकीच्या टेबलासाठी, एक फ्रिजच्या दारासाठी, एक माझ्या खिशासाठी. तिन्ही प्रती घडी घालून घरी नेल्या आणि मूळ कागद तसाच मशीनच्या काचेवर पालथा राहिला. झेरॉक्स काढणाऱ्यांपैकी निम्मी जनता हेच करते, पण निम्म्या जनतेच्या कागदावर राजाचा शिरच्छेद नसतो.

आता इथे दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिले आमचे डेपो मॅनेजर. त्यांना डेपोत सगळे 'राजे' म्हणतात. स्वतःबद्दल बोलताना ते 'आम्ही' म्हणतात आणि त्यांची केबिन वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्याच्या टोकाला आहे. त्या जिन्यावरून कागद खाली येतात, राजे सहसा येत नाहीत. दुसरे तात्या, सगळ्यांत जुने ड्रायव्हर. बोलतात कमी, पण बोलले की गॅरेजमधला हातोडासुद्धा थांबतो. गेल्या हिवाळ्यात राजांनी गाड्यांच्या फेऱ्या वाढवायला सांगितल्या. जादा वेळ कुठून आणायचा, म्हणून त्यांच्या हुकमावरून दुपारच्या पाळीतली जेवणाची सुट्टी कापली गेली. कापण्याची कात्री अर्थात माझ्या हातात होती. तेव्हापासून ड्रायव्हर मंडळी डबा मांडीवर ठेवून, सिग्नल लाल असेपर्यंत दोन घास खायची. हिरवा झाला की घास तसाच गालात. तात्या दोनदा वर जाऊन सांगून आले. राजांनी ऐकून घेतलं नाही.

सोमवारी सकाळी आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी मशीनचं झाकण उचललं. खाली माझं अक्षर, माझी सही, माझा शिक्का. बाई स्वभावाने अत्यंत निःपक्षपाती. त्यांनी त्याच मशीनवर दोन प्रती काढल्या, एक तात्यांना दिली आणि एक राजांच्या टेबलावर ठेवली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या आठवड्यात मला एवढंच जाणवलं की डेपोतल्या लोकांना अखेर माझी किंमत कळली आहे. जे ड्रायव्हर मला बघून कुलूप लावल्यासारखा चेहरा करायचे, ते मान लववू लागले. कँटीनवाल्याने माझ्या चहात न सांगता जास्त साखर घातली. मला वाटलं, चांगलं काम कधीतरी दिसतंच. उशीर झाला, पण दिसलं.

मंगळवारी दुपारी चहाला कँटीनमध्ये गेलो तर आत ही गर्दी. मला पाहताच सगळे गप्प झाले. कोणीतरी खुर्ची पुढे केली. तात्या म्हणाले, "बसा. तुम्ही दोन शब्द बोला."

मला आयुष्यात कोणी दोन शब्द बोला म्हटलेलं नाही. घरी तर एकही बोलू नका म्हणतात. मी गडबडलो, पण विषय माझा होता. म्हटलं, मंडळी, ठरवलेली गोष्ट ठरल्या दिवशी झाली पाहिजे. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. प्रत्येकाने आपापली जागा सांभाळली तर कुठेच गोंधळ होत नाही. मला गाड्यांबद्दल म्हणायचं होतं. मंडळी इतक्या गांभीर्याने माना डोलावत होती की मला वाटलं, आपण निवृत्तीनंतर व्याख्यानं द्यायला हरकत नाही. एका तरुण ड्रायव्हरच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मी ते चहाच्या वाफेचं असावं असं समजलो.

बुधवारी ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीची खिडकी फुटली. त्या खोलीला मंडळी 'कोठडी' म्हणतात, कारण तिची एकुलती एक खिडकी कित्येक वर्षं गंजून बंद होती. कोणीतरी पाना घालून ती उखडली. आत वारा आला, उजेड आला. मी जाता जाता म्हटलं, बरं केलंत, हे कधीच व्हायला हवं होतं. आणि पुढे गेलो.

त्याच दुपारी राजांनी मला वर बोलावलं. मी जिना चढून गेलो तर राजे चक्क उभे राहिले. बसा म्हणाले. पाणी विचारलं. बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं ते नियोजन… कुठपर्यंत आलंय?"

माझा ऊर भरून आला. माझ्या लेकीच्या अभ्यासाची चौकशी खुद्द राजांनी करावी! मी म्हटलं, साहेब, तुमच्या कानावर आलं तर. अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय. सोमवारचं सोमवारी झालं, कालचं काल संपलं. शुक्रवारचा भाग जरा जड आहे, पण एकदा मनाची तयारी केली की तोही दिवसाभरात उरकेल. घरातले सगळे पाठीशी आहेत.

राजांच्या हातातून पेपरवेट निसटून टेबलाखाली गेला. तो उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी खाली वाकून निरोप घेतला.

गुरुवारी राजांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. पुढच्या फाटकाने न जाता ते गॅरेजमागच्या छोट्या दाराने निघाले. नेमके तिथे दोन ड्रायव्हर रजेच्या अर्जावर सही हवी म्हणून त्यांना शोधत होते. साहेब निसटलेले पाहून दोघे मागे धावले, "साहेब, थांबा, साहेब!" राजांनी मागे वळून पाहिलं, तर एकाच्या हातात अर्ज आणि दुसऱ्याच्या हातात पाना. तो बिचारा गाडीखालून तसाच उठून आला होता. राजे मुकाट्याने परत फिरले, जिना चढले आणि संध्याकाळपर्यंत केबिनचं दार आतून लावून बसले. दुखरा दात तसाच. अर्जांवर मात्र दाराच्या फटीतून सह्या करून मिळाल्या. दोघांच्याही रजा मंजूर. असं डेपोच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं.

शुक्रवारी राजे आजारी म्हणून आले नाहीत.

शनिवारी डेपोत अशी शांतता होती की टाचणी पडली तर तिची नोंद आवक-जावकमध्ये झाली असती. मला ती फार आवडली. घरी लेकीचा अभ्यास वेळेत, ऑफिसात लोक वेळेत. मी बायकोला म्हटलं, बघ, एका माणसाने शिस्त लावली की तिचा वारा सगळीकडे लागतो. बायको म्हणाली, तुम्हाला बरं नाही का? दोन दिवस फार हसताय.

रविवारी दुपारी दाराची घंटी वाजली तेव्हा मी तोंडाला साबण फासून दाढी करत होतो. दार लेकीने उघडलं. दारात राजे, एका हातात फळांची पिशवी, दुसरा हात सुजलेल्या गालावर. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. लेकीने नंतर सांगितलं ते असं.

राजे कोचाच्या अगदी कडेला बसले. बाबा काय करतायत, त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, वस्तरा चालवतायत, आत्ता येतील. राजांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग समोरच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते… शुक्रवारचं… झालं का?"

"राजाचं ना? झालं की परवाच," लेक म्हणाली. "आज नुसती उजळणी."

लेकीला वाटलं, पाहुण्यांशी काहीतरी बोलायला हवं, म्हणून तिने आपणहून सुरुवात केली. म्हणाली, "मला वाईट वाटलं त्याचं, काका. माणूस दुष्ट नव्हता. घरी बसून कुलुपं करायचा छंद होता त्याला. लोक उपाशी आहेत हे त्याच्यापर्यंत नीट पोचलंच नाही, आणि पोचलं तेव्हा त्याने मनावर घेतलं नाही. ज्या दिवशी लोकांनी तुरुंग फोडला, त्या दिवशी त्याने रोजनिशीत काय लिहिलं ठाऊक आहे? 'काही नाही.'"

"मग त्याने काय करायला हवं होतं?" राजांनी विचारलं.

लेकीने थोडा विचार केला. "खाली यायला हवं होतं," ती म्हणाली. "वेळेत."

मी गालावरचा साबण पुसत बाहेर आलो तोवर राजे दाराशी पोचले होते. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. लेकीकडे पाहून मात्र म्हणाले, मुलगी फार समजूतदार आहे तुमची. मी म्हटलं, साहेब, सगळं वेळापत्रकामुळे. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की त्याचा अर्थ लावायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

आणि तो उजाडला. परीक्षेचा सोमवार. त्या दिवशी बायकोची कामाची पाळी दुपारची होती. तिने लेकीला जवळ घेतलं, खायला घातलं, पेनं तपासली. मी लेकीला घेऊन अगदी वेळेत थांब्यावर गेलो. परीक्षेचं केंद्र नदीपलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी गाडी पकडली तरी पोचलो असतो, पण मी पहिलीच्याही आधी थांब्यावर हजर होतो. असा मी आहे.

पहिली गाडी आली नाही. दुसरीही आली नाही. थांब्यावर माणसं साचत गेली, भरलेल्या टॅक्स्या समोरून निघून जाऊ लागल्या. मी घड्याळ हलवून पाहिलं. माझी अशी श्रद्धा होती की गाडी चुकत नाही, घड्याळ चुकतं. तेवढ्यात दूधवाला सायकलवरून जाता जाता म्हणाला, उगीच उभे राहू नका, आज एकही गाडी निघालेली नाही, ड्रायव्हर लोक डेपोत बसून आहेत. त्यांच्यात कोणी मोठा पुढारी निघालाय म्हणे.

मला त्या पुढाऱ्याचा असा संताप आला! माझ्या लेकीच्या परीक्षेच्या दिवशीच याला पुढारीपण सुचावं? मी तिचा हात धरला आणि तरातरा डेपोकडे निघालो. म्हटलं, बघतोच कोण आहे तो. लेकीच्या हाताला घाम आला होता.

डेपोच्या आवारात सगळ्या गाड्या ओळीने उभ्या. समोर जमिनीवर सगळे ड्रायव्हर-कंडक्टर मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या पुढे आपापला डबा, न उघडलेला. आम्ही फाटकातून आत शिरताच सगळे उठून उभे राहिले.

तात्या पुढे आले. "तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "पहाटेपासून तयार आहोत. कोणी घाबरलेलं नाही."

त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. माझी सही, माझा शिक्का. मी तो वाचला, आणि आठवडाभरात मिळालेला प्रत्येक सलाम, चहातला प्रत्येक जादा चमचा साखरेचा, सगळं एकदम माझ्या डोक्यात नीट रकान्यांत बसलं. लेकीने माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि हळूच म्हणाली, "बाबा, हा माझा फ्रान्स आहे."

मला खोटं बोलता आलं असतं. म्हणजे, पुढारी म्हणून नुसतं हात वर करून सांगितलं असतं की आजचा बेत रद्द, चला गाड्या काढा, तर सगळ्यांनी ऐकलं असतं. ते माझ्या तोंडाकडे ज्या भरवशाने बघत होते, तसं माझ्याकडे उभ्या जन्मात कोणी बघितलेलं नाही. पण त्याच भरवशामुळे खोटं तोंडातून निघेना. आयुष्यातलं माझं दुसरं भाषण मी तिथे केलं, आणि त्यात एकही वाक्य धड पुरं झालं नाही. सांगितलं की हा कागद संपाचा नाही, अभ्यासाचा आहे. राजा आपला नाही, फ्रान्सचा आहे. तुरुंग त्यांचा, सभा त्यांची, दहशत त्यांची. मी पुढारी-बिढारी कोणी नाही. ही माझी मुलगी, आज हिची परीक्षा आहे, आणि थोड्या वेळात दार बंद होईल.

तो मंगळवारी डोळे पुसणारा तरुण ड्रायव्हर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या घरातलं काहीतरी फोडलं आहे.

तात्यांनी कागद परत हातात घेतला. सोमवारची ओळ बोटाने दाखवली. "आणि ही भूक? हीसुद्धा त्यांचीच?"

"हो. तीही त्यांचीच."

"हं," तात्या म्हणाले. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो वरच्या खिशात ठेवला. "त्यांची असेल. पण आमच्यापाशीही आहे ना ती. मुलीला मी पोचवतो, तिचा यात काय दोष. बाकीचे मात्र बसून राहतील."

तेवढ्यात लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. राजे खाली येत होते. एकेक पायरी जपून उतरत होते, गाल अजून सुजलेला. ते सरळ मंडळींच्या मधोमध आले, इकडे तिकडे खुर्ची आहे का पाहिलं, नव्हती, मग पँट वर ओढून जमिनीवर बसले. म्हणाले, "मी ऐकायला आलोय. बोला." आम्ही नाही, मी.

तात्या बोलले. फार नाही, चार-पाच वाक्यं. सिग्नलपुरतं जेवण कसं असतं, पोटात गोळा घेऊन चाळीस माणसांची गाडी वळवताना काय होतं, एवढंच. राजे मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, सुट्टी परत घातली तर वेळापत्रकात बसेल का?

सगळं आवार माझ्याकडे बघायला लागलं. खरं सांगायचं तर बसत नव्हती. बसत असती तर मी कापलीच नसती. पण लेक माझ्या शेजारी उभी होती.

"बसवू," मी म्हटलं.

तात्या उठलेच. सगळ्यांत पुढची गाडी त्यांनी काढली, आम्ही दोघं चढलो. मागोमाग बाकीच्या गाड्याही सुरू व्हायला लागल्या. वाटेत प्रत्येक थांब्यावर चार-दोन मुलं पुस्तकं छातीशी धरून रडवेल्या चेहऱ्याने उभी होती. तात्यांनी एकालाही मागे सोडलं नाही. नदीच्या पुलावर गाडी अशी पळाली की माझ्या कागदावरसुद्धा ती कधी तितकी पळाली नव्हती. मागच्या बाकावर मुलं एकमेकांना विचारत होती, राजा पळाला तो आधी की तुरुंग फुटला तो आधी. तात्या समोरून, मान न वळवता, म्हणाले, "आधी तुरुंग. बुधवारी. राजा गुरुवारी."

मुलांनी ते लिहून घेतलं.

केंद्राचं दार बंद होत होतं तेव्हा गाडी समोर लागली. शिपायाने बसमधून उतरणारी एवढी मुलं पाहिली आणि दार परत उघडलं. लेक आत जाताना एकदा मागे वळली, माझ्याकडे पाहून नुसती हसली. आठवडाभर मी ज्या कौतुकाने फुगलो होतो, त्या सगळ्याहून ते हसू मला जास्त वाटलं. तात्यांनी बाकावर आपला डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. आम्ही दोघं गाडी बंद करून, शांतपणे, घास चावून जेवलो.

लेकीला चांगले गुण पडले. हवं ते महाविद्यालय मिळालं. पेढे-बिढे काही नाही, आमच्याकडे आनंद झाला की बायको सगळ्यांना गप्प बसायला सांगते आणि खिडकीत जाऊन उभी राहते. तशी ती उभी राहिली.

काही दिवसांनी मी राजांना भेटून सगळ्या प्रकाराची माफी मागितली. त्या कागदाचा तुम्हाला फार त्रास झाला, म्हटलं. राजे म्हणाले, "रविवारपर्यंत झाला. रविवारी कोचासमोरच्या टेबलावर ते जाड पुस्तक उघडं पडलं होतं, ते मला दिसलं." मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग सोमवारी खाली कशाला आलात?

"पुस्तकातलं होतं," राजे म्हणाले, "पण मुलगी सांगत होती ते खोटं नव्हतं ना." आणि फाईल उघडली. याचा अर्थ, आता जा.

तर असं झालं. आता तुम्ही म्हणाल, गोष्ट गोड संपली. गोष्ट संपली, पण मला सुट्टी वेळापत्रकात बसवायची होती ना! आठवडाभर डोकं फोडून मी नवं वेळापत्रक केलं. प्रत्येक ड्रायव्हरला जेवायला वेळ, प्रत्येक मार्गाला गाडी. फक्त एका मार्गावरची सकाळची एक फेरी काढून टाकावी लागली. फार कोणी बसत नाही त्या फेरीला, आकडे पाहून ठरवलं.

नवं वेळापत्रक लागू झालं आणि त्याच आठवड्यात टपालाने पहिली तक्रार आली. सकाळची गाडी बंद केल्यामुळे अर्जदारास कामावर पायी जावे लागते, सदर वेळापत्रक आखणाऱ्या इसमास समज द्यावी. अक्षर ओळखीचं होतं. खाली सही आणि पदनाम: रक्त तपासनीस, दवाखान्याची प्रयोगशाळा.

अर्जदार रोज माझ्यासमोर बसून जेवतात. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. 'आपली तक्रार विचाराधीन आहे' असं उत्तर मी शिक्का मारून टपालाने पाठवलं. ते घरी पोचलं त्या दिवशी मी ऑफिसात जरा जास्त वेळ थांबलो.